सातवा नंबर

मुंबईला लागून असलेल्या गोडदेवात त्या काळी बाईमाणूस रस्त्याने पळताना दिसलं की त्याची कारणं तीनच. टँकर आला, रेशनवर रॉकेल आलं, नाहीतर कुणाचं पोर गटारात पडलं. चौथं कारण कुणी ऐकलेलं नव्हतं. अनसूया शिगवण पळायची ती चौथ्या कारणाने, आणि ते कारण गोडदेवाला समजावता समजावता तिच्या तोंडाला जेवढा फेस आला तेवढा पळून कधीच आला नाही.

साल त्र्याण्णव असेल. शेतं बुजवून बिल्डिंगा उठत होत्या. बिल्डिंगांना नावं विलायती पडत होती, पार्क काय, गार्डन काय, आणि नळ उघडला की नुसती फुसफुस हवा. शिगवणांची चाळ बैठी, पत्र्याची. माणसं बहुतेक संगमेश्वर-देवरुखकडची, दोन-चार घरं महाडची, टोकाला एक गुजराती कुटुंब. अनसूयाचा बाप बेव्हर्ली पार्कात नव्या बांधकामावर वॉचमन, आईचे गुडघे गेलेले, आणि ती स्वतः एका गाळ्यात स्टीलचे चमचे पुसून डब्यात भरायची. घरचं पाणी भरायचं तेही तिनेच. लग्नाचं वय झालेली, तोंडाने फटकळ, दोन स्थळं तिने तोंडावरच परत पाठवलेली. तेवढ्यावरून चाळीने तिच्याविषयी जे ठरवायचं ते ठरवून टाकलेलं.

पळणं तिला कुणी शिकवलं नाही. गाळ्याचं फाटक ठोक्याला बंद व्हायचं आणि उशीर झाला की सुपरवायझर अर्धा रोज खायचा. म्हणून ती पळत जायची. वर्षभर फाटक गाठायला पळाली आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं की फाटक उघडं असलं तरी आपण पळतोय. बरं वाटतंय म्हणून पळतोय. डोक्यातला सुपरवायझर, आईचे गुडघे, परत पाठवलेली स्थळं, सगळं तेवढा वेळ मागे राहतं.

मग गाळ्यातल्या एकीने सांगितलं, जिल्ह्याची क्रॉस कंट्री असते, माळरानातून, चिखलातून, चढउतारावरून पळायचं. पहिल्या सहा मुली राज्याच्या शर्यतीला जातात. अनसूया गेली. साध्या कॅनव्हासच्या बुटात पळाली आणि सातवी आली.

घरी आली तर दारातच आनंदीकाकू तांदूळ निवडत बसलेली. आनंदीकाकू म्हणजे चाळीचं पहिलं घर. कुणाच्या घरी काय शिजतं ते तिला वासावरून कळायचं, आणि पाण्याच्या रांगेत तिच्याशी भांडायची हिंमत टँकरवाल्याचीसुद्धा नव्हती.

"काय गो अनशे, आला काय नंबर?"

"सातवा."

"बरा की मग! सातव्याला काय पाणी मिळत नाही?"

पलीकडच्या दोघी फिदीफिदी हसल्या. चाळीत 'नंबर' म्हणजे रांगेतला नंबर. हंडा ठेवला की नंबर लागला, हंडा भरला की नंबर आला. दुसरा अर्थ त्यांना माहीतच नव्हता.

"काकू, सहाजणी पुढे जातात. सातवी घरी."

"मग आलीस ना घरी सुखरूप? जा, हातपाय धू. पाणी जपून वापर."

त्या रात्री अनसूया जेवली नाही. हरल्याचं दुःख असतं तर दोन घास गेले असते. तिला चीड आली होती. सातवी म्हणजे काय हे तिला एकटीला कळत होतं. एका खांद्याने, एका श्वासाने चुकलं, आणि ते सांगायला अख्ख्या गोडदेवात एक माणूस नव्हता. पुढच्या वर्षी सहावी. पाचवी नको, पहिली नको. सहावी आले की बस्स, असं तिने ठरवलं आणि सकाळचा सराव सुरू केला.

पहिल्याच सकाळी तमाशा.

चाळीतून निघून ती नाक्याच्या दिशेने वेग धरतेय तोच मागे भांड्यांचा खणखणाट. तिला वाटलं, कुणाचं तरी भांडण. वळून बघते तर आनंदीकाकू हंडा कमरेला लावून सुसाट, तिच्यामागे अख्खी चाळ, कळश्या, डालड्याचे डबे, कुणाच्या हातात तर नुसतं पातेलं. सगळ्यांच्या मागे टोकाच्या घरातली मंजुबेन, "किधर आया, किधर खडा है?" करत धापा टाकतेय.

अनसूया थांबली. सगळ्या थांबल्या.

"कुठाय?" आनंदीकाकू म्हणाली.

"काय कुठाय?"

"टँकर!"

"टँकर नाही. मी पळतेय."

"ते दिसतंय मला, डोळे फुटले नाहीत माझे! कशाला पळतेस?"

"सराव."

"कसला?"

"पळायचा."

आनंदीकाकूने हंडा रस्त्यावर आपटला. "पळायचा सराव! पळायला काय येत नाही काय तुला? पोटचं पोर गटारात पडल्यासारखी धावले मी तुझ्यामागे, छातीत कळ आली माझ्या!"

चार दिवस हेच. शेवटी काकूनेच निवाडा केला. अनशीच्या पायात बूट असले तर सराव, चप्पल असली तर टँकर. निवाडा सगळ्यांनी मान्य केला. बायका पहाटे दार किलकिलं करून आधी तिचे पाय बघायच्या आणि मग पुन्हा आडव्या व्हायच्या. नाक्यावरच्या टवाळ पोरांना मात्र खेळच मिळाला. ती दिसली की मागून "टँकर आला रे, टँकर!" ती शिव्या घालायची, पोरं अजून ओरडायची. त्या शब्दाची किंमत पार गेली.

आणि व्हायचं तेच झालं. एका सकाळी काशीगावापर्यंत जाऊन ती परत येत होती, तर नाक्यावरून खराखुरा टँकर आत वळताना दिसला. ना वार टँकरचा, ना वेळ. अनसूयाने जीव खाऊन टँकरच्या पुढे धाव घेतली, चाळीत शिरली, दारं बडवली. "टँकर आला! उठा, टँकर आला!"

दारं किलकिली झाली. बायकांनी तिच्या पायांकडे बघितलं.

"बूट हायत," कुणीतरी आतून म्हणालं. दारं लागली.

टँकर पुढच्या आळीत जाऊन रिकामा झाला. शिगवणांच्या घरात त्या दिवशी पाणी होतं, कारण एकटीच हंडा घेऊन धावली ती अनसूयाच. यावरून जे पेटलं ते विचारू नका. हिने मुद्दाम बूट घातले, हिला एकटीला पाणी पाहिजे होतं, असं बायका तोंडावर बोलल्या. ती म्हणाली, "मी ओरडत होते ना? कान कुठे गेले होते?" तर म्हणे, ओरडतात तर पोरं रोजच. आता यावर माणसाने डोकं कुठल्या भिंतीवर आपटायचं? पाणी वेळेवर येत नाही, त्याचा जाब कुणाला विचारायची चाळीला सवय नाही. ज्यांनी नळ लावून वर्षानुवर्षं हवा पाजली ते राहिले बाजूला आणि आरोपी कोण, तर बूट घातलेली पोरगी.

चाळीची बैठक बसली. मध्यस्थ उत्तममामा, आईचा भाऊ, बँकेत शिपाई. मामाने आयुष्यात पळून बस पकडली नव्हती, दुसरी येईल म्हणून उभा राहायचा. पण बँकेत पाहुण्यांची भाषणं ऐकून ऐकून त्याला भाषणाची खोड लागलेली.

"अनसूये," मामा म्हणाला, "माणसाच्या अंगात जिद्द पाहिजे. जिद्द असली की माणूस कुठेही पळू शकतो. तेव्हा तू दुसरीकडे पळ."

हा निकाल!

जिद्द या शब्दाने तिचं डोकंच उठायचं. त्याच वर्षी चाळीच्या सत्यनारायणाला एक पुढारी आला होता. पोरगी जिल्ह्यात सातवी आली हे कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं. त्याने माईक घेतला, जिद्द आणि चिकाटीवर घटकाभर बोलला, आणि बक्षीस म्हणून तिच्या हातात काय दिलं? प्लास्टिकचा हंडा. लाल. टाळ्या वाजल्या. बायकांना तर बक्षीस फारच पटलं. अनसूयाने हंडा हातात धरून त्याला विचारलं, "साहेब, यात भरायचं काय?" माईक बंद होता म्हणून वाचला.

तर दुसरीकडे पळायचं. दुसरीकडे म्हणजे मिठागरं. पाण्याच्या खाचरांमधून मातीचे बांध गेलेले, सरळ, मोकळे, मऊ. अनसूयाला वाटलं, हे आधी का नाही सुचलं. तिसऱ्या दिवशी समोर बाबाजी उभा. गोडदेवातलाच जुना माणूस, मिठागरावर कामाला, लंगोटी आणि डोक्याला फडकं.

"अगो पोरी, ह्यो बांद हाय, रस्ता न्हाय! बांद खचला तं भरतीचा पानी आत येल ना! माजा मिठाचा पीक जाईल!"

"बाबाजी, मी हलकी आहे हो. एका बाजूने पळते."

"हलकी हाईस तं घरान बस. पलून कुनाचा भला झालाय?"

बाबाजीचंही चुकत नव्हतं. तोच वैताग. समोरचा सरळसरळ हलकट असला तर भांडायला बरं पडतं. इथे जो तो आपल्या जागी खरा, आणि सगळ्यांचं खरं मिळून हिच्या पायाखालची जमीन तेवढी काढून घेतलेली. रस्त्यावर चाळ, बांधावर बाबाजी, हायवेला ट्रक. ती घरी आली, बूट धुतले, वाळवले आणि पोटमाळ्यावर फेकून दिले.

आईला हायसं वाटलं. "झालं ते बरं झालं. चिपळूणकडचं स्थळ आहे, बघूया."

उत्तममामा दर रविवारी यायचा. चहा पिताना म्हणायचा, "हार मानू नये. जिद्द..."

"मामा, चहा पी."

तिने हार मानली नव्हती, तिला कंटाळा आला होता. या दोन्हींतला फरक कुणाला कळत नाही. दमलेल्या माणसाला विसावा लागतो, हरलेल्याला धीर लागतो. कंटाळलेल्याला काय लागतं? त्याला फक्त एवढंच लागतं की समोरच्याला एकदा तरी कळावं, हा कशाबद्दल बोलतोय.

ते कळलं ऐन उन्हाळ्यात, टँकरच्या रांगेत. त्या सकाळी अनसूया बाकीच्या बायकांसारखी चप्पल घालून रांगेत उभी होती. तिच्यामागे आनंदीकाकू. अबोला होता, म्हणून दोघी दोन दिशांना बघत होत्या. टँकर आला तोच अर्धा, कुठेतरी आधीच हलका होऊन. पाइप फिरू लागला. पहिली, दुसरी, तिसरी. सहावीचा हंडा भरता भरता पाइपाने दोन उचक्या दिल्या, बोटाएवढी धार झाली आणि थांबली.

सातवी अनसूया. तिने हंडा तसाच पाइपाखाली धरून ठेवला होता. आत एक थेंब पडला, त्याचा आवाजसुद्धा झाला.

"खलास," क्लीनर म्हणाला आणि पाइप गुंडाळू लागला.

आनंदीकाकूने त्याला काय काय ऐकवलं ते छापता येणार नाही. टँकर गेला. रांग मोडली. पाणी मिळालेल्या सहाजणी लगबगीने, न बघता निघून गेल्या. अनसूया आणि काकू रिकामे हंडे घेऊन तशाच उभ्या.

काकूने तिच्या हंड्यात वाकून बघितलं. म्हणाली, "सातवी होतीस तू?"

"हो."

"म्हणजे तिकडे... त्या शर्यतीत पण असंच?"

"असंच."

"एवढ्याने?"

"एवढ्याने."

काकूने पदराने तोंड पुसलं. तिला वाईट वाटलं असेल तर तिने ते दाखवलं नाही. ती भडकली. "मग तेव्हा नीट सांगायला काय झालं होतं तुला? शर्यत शर्यत काय करतेस! पाणी संपलं म्हणून सांगायचं ना!"

"सांगितलं की!"

"काय कपाळ सांगितलंस!" काकू चार पावलं पुढे गेली, परत आली. "बूट कुठे आहेत?"

"माळ्यावर."

"काढ. उद्यापासून तुझा नंबर मी लावते. तुझा हंडा, माझा हंडा, दोन्ही मी बघते. बूट बघून कुणी दार लावलं तर माझ्याशी गाठ आहे. आणि हे उपकार नाहीत, समजलीस? राज्याला गेलीस की मला साडी आणायची. नायलॉन नको."

दुसऱ्या दिवसापासून आनंदीकाकू दोन हंड्यांमध्ये कमरेवर हात ठेवून उभी. "हा कुणाचा?" कुणी विचारलं की, "अनशीचा. ती पळतेय. काय म्हणणं आहे?" कुणाचं काही म्हणणं नसायचं. पोरांनी नाक्यावरून एकदा "टँकर" अशी आरोळी दिली, तर काकूने तिथे जाऊन एकाचा कान असा पिळला की बाकीच्यांनी नाका बदलला. अनसूया मात्र रोज काकूशी भांडायची, कारण काकू हंडा पाऊण भरून झाकण लावायची आणि पूर्ण भरला म्हणून सांगायची.

शर्यत हिवाळ्यात, पडघ्याच्या बाजूच्या एका माळावर. जिल्हाभरातून मुली आलेल्या, काही क्लबच्या ट्रॅकसूटमध्ये, बऱ्याचशा अनवाणी. शिट्टी झाली आणि अनसूया रागावर सुटली. डोक्यात एकेकाला आणून त्याला मागे टाकत गेली. सुपरवायझर. टवाळ पोरं. लाल हंडेवाला पुढारी. उत्तममामाला तर तिने दोनदा मागे टाकलं. अर्ध्या वाटेला ती चौथी होती.

मग चढण लागली आणि राग संपला. रॉकेल संपल्यावर स्टोव्ह जसा भसकन बसतो, तसा. पाय दगड झाले. एक मुलगी पुढे गेली, मग दुसरी, मग चिमणीएवढी एक अनवाणी पोर, मग अजून एक. आठवी. बाजूला एक बरा खडक होता. तिला वाटलं, बसावं. कोण बघतंय? कुणाचं काय अडलंय?

आणि डोळ्यांसमोर आली आनंदीकाकू. आज शर्यत म्हणून अनसूया घरी नाही, पण हंडा रांगेत आहे. ही बाई या मिनिटाला दोन हंड्यांसाठी एका तोंडाने भांडत असणार, आणि आपण इथे खडकावर बसायचं? कृतज्ञता वगैरे तिला काही वाटली नाही. चीड आली, पण या वेळी स्वतःची. रांगेत नंबर लावून कुणी घरी जाऊन झोपतं का? ती शिव्या देत पळत राहिली. काकूला, चढणीला, स्वतःच्या पायांना.

उतारावर एकीच्या पोटात कळ आली, ती वाकली. सातवी. शेवटच्या सपाटीवर ती अनवाणी पोर पुढे होती. अनसूयाने पहिल्या पाचजणींकडे बघितलंच नाही, फक्त त्या पोरीच्या वेणीकडे बघितलं. ती वेणी जवळ आली, शेजारी आली, मागे गेली. रेषा ओलांडताना दोघींत खांद्याएवढं अंतर.

पण शर्यत रेषेवर संपत नाही. पुढे दोन दोऱ्या बांधलेल्या असतात, त्यांच्यामधून आल्या क्रमाने एकीमागे एक चालायचं, टोकाला शर्यतीचे सर क्रमांकाची चिठ्ठी देतात. दोरीत शिरल्या शिरल्या अनसूया मटकन खाली बसली. ती एका हातावर टेकली. तेवढ्यात बाजूने ती अनवाणी पोर सरकून पुढे झाली.

बाकी कुणी असतं तर तसंच पडून राहिलं असतं. ही टँकरच्या रांगेत वाढलेली. खाली बसल्या बसल्या तिने त्या पोरीचं कोपर धरलं. "ए! नंबर माझा आहे!"

"अहो, ओढाओढी नको," सर ओरडले. "शर्यत आहे ही, बाजार नाही!"

"शर्यत झाली सर, आता रांग आहे. रेषेवर मी हिच्या पुढे होते. विचारा तिलाच."

सरांनी पोरीकडे बघितलं. पोरीने एकदा चिठ्ठीकडे बघितलं, एकदा कोपरावरच्या हाताकडे. तिचा चेहरा रडवेला झाला. खोटं बोलली असती तर कुणाला कळलं नसतं.

"ती पुढं व्हती," ती म्हणाली.

सरांनी सहावी चिठ्ठी अनसूयाला दिली.

झालं. वर्षभराची ओरड, बोटभर कागद. अनसूयाला वाटलं होतं, हसू येईल, नाहीतर रडू येईल. काहीच आलं नाही. ती झाडाखाली जाऊन बसली तर शेजारी तीच पोर, गुडघ्यांत डोकं घालून. पोरीला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. धीर दे, चिकाटी ठेव, पुढच्या वर्षी येशील. यातलं एकही वाक्य तिच्या तोंडातून निघेना, कारण गेल्या वर्षी यातल्या प्रत्येक वाक्याला तिला चावावंसं वाटलं होतं.

"नाव काय तुझं?"

"समिधा."

"कुठली?"

"शहापूर. तानसाच्या अंगाला."

"म्हणजे धरणावरची! तुमची मजा आहे बाई. आम्ही हंडाभर पाण्याला महाग आणि तुमच्या उशाला तलाव."

पोरीने डोकं वर काढलं. "आमाला कुटं पानी? मुंबईचा पाइप जातो गावावरनं. आमी हिरीवर जातो, उतरून."

इतकी वर्षं आपण पाण्याची वाट बघितली, पण पाणी जिथून निघतं तिथेही कोरडंच, हे अनसूयाला कुणी सांगितलं नव्हतं.

"कोण भरतं?"

"मीच. अजून कोन भरनार?"

"सकाळी?"

"सकाळी दोन खेपा. संध्याकाळी दोन."

"मग पळतेस कधी?"

"वेळ गावंल तवा."

"अगं मग सातवीच येणार ना तू!" अनसूया एकदम भडकली. बाजूच्या मुली वळून बघायला लागल्या. "दरवर्षी सातवी येशील! कुणी काही सांगितलं तरी ऐकू नकोस. तुमच्या गावात एखादी भांडकुदळ बाई नाही का गं?"

समिधाने नाक पुसलं, विचार केला. "हाय की. माजी आत्या. तिला सगळा गाव भितो."

"मग इथे रडत काय बसलीस? घरी जा आणि तिच्या पाया पड."